भूत व्हायला बोलावलं तर जा

"ताई, हॉरर वेब सिरीजमध्ये काम मिळतंय. चेहरा मेकअपमध्ये झाकला जाणार म्हणतात. करू का?" कळव्यापासून ऐरोलीपर्यंतच्या मुली मला हा प्रश्न विचारतात. कुणी एकांकिका करणारी असते, कुणी नोकरी सांभाळून ऑडिशनला जाणारी. माझं उत्तर दर वेळी "कर" असंच असतं. पण त्यापुढे जे सांगायचं असतं ते फोनवर मावत नाही, म्हणून लिहून काढते.

मी कोपरीची. कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्या, त्यातली दोन समूहात आणि बॅकस्टेजला. मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतनच्या बाहेर उभं राहून नटांना आत जाताना पाहायचं, हे आमचं वेड. मग अंधेरीतल्या आरामनगरला ऑडिशनच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिलं काम मालिकेतल्या नर्सचं, पाच दिवसांचं. दुसरं काम भुताचं. घोडबंदर रोडच्या पुढे एका जुन्या बंगल्यात अकरा रात्री.

त्या ऑडिशनमध्ये मला एकही संवाद दिला नव्हता. दिग्दर्शक म्हणाले, जमिनीवर पालथी पड आणि हात न टेकता, मोजून दहा सेकंदांत उठून उभी राहा. मला ते जमलं, कारण समूहात असताना रोज तासभर अंगाची मेहनत करून घेतली जायची. घरी कुणाला सांगता येईल असं ते कौशल्य नव्हतं, पण काम त्यानेच मिळालं. भुताला ओळखीचा चेहरा नकोच असतो. कालपर्यंत तुळशीपाशी दिवा लावणारी सून आज अंधारातून आली, तर प्रेक्षकाला आधी ती सून आठवते. त्यात अशा निर्मितीचं बजेटही बेताचं असतं. म्हणून इथे नव्या मुलीला दार थोडं उघडं असतं, आणि त्यातून आत शिरण्यात कमीपणा काहीच नाही. छोट्या पडद्यावर राधिका म्हणून घरोघरी पोचलेल्या अनिता दाते २०१८ च्या 'तुंबाड' या भयपटातही आहेत. 'रात्रीस खेळ चाले'ची शेवंता तर अपूर्वा नेमळेकरांची ओळखच झाली. २०२२ च्या 'झोंबिवली'त वैदेही परशुरामी होत्या, आणि ती गोष्ट आपल्या शेजारच्या डोंबिवलीतली.

आता कामाबद्दल. घाबरणं म्हणजे डोळे मोठे करणं, असं मला वाटायचं. पहिल्या रात्री कॅमेरामन दादांनी मॉनिटरवर माझा क्लोज दाखवला. त्यात भीती कुठेच नव्हती, नुसता चेहरा ताणलेला. मग मी घरी एक प्रयोग केला. रात्री दोन वाजता दिवे बंद करून बसायचं आणि कुठे खुट्ट झालं की आपलं शरीर काय करतं ते पाहायचं. आधी श्वास अडतो. मग डोळे वळतात. मान सगळ्यात शेवटी वळते, आणि तीसुद्धा नको-नको म्हणत. भेदरलेला माणूस आधी ऐकतो. हा क्रम सापडल्यावर माझं काम बदललं.

दुसरी गोष्ट चढणीची. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. आमचा शेवटचा सीन पहिल्याच रात्री झाला, कारण तो गच्चीवरचा होता आणि गच्ची त्याच दिवशी मिळणार होती. तेव्हापासून मी स्क्रिप्टच्या समासात प्रत्येक सीनसमोर एक ते दहा असा आकडा लिहिते: इथे भीती किती. पहिल्या आवाजालाच आठवर गेलात, तर प्रेत दिसेल तेव्हा द्यायला काही उरत नाही. कॉन्टिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंतचा मेळ, बघणारा एडी (सहायक दिग्दर्शक) पदर आणि टिकली सांभाळतो. भीतीची कॉन्टिन्युइटी तुमची तुम्हालाच सांभाळावी लागते.

समोर कुणीच नसताना घाबरायची सवयही लावून घ्या. २०२४ च्या 'मुंज्या' सिनेमातला मुंज्या संगणकावर घडवलेला आहे. असं काम असलं की सेटवर एडी काठीला टेनिसचा चेंडू लावून उभा राहतो, कधी भिंतीवर रंगीत टेपची नुसती फुली असते. तेव्हा विचारायला लाजू नका: त्याची उंची किती, तो माझ्यापासून किती लांब, तो सरकतो की थांबतो? नजर वीतभर इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर खोटं दिसतं.

आता किंकाळी. यात माझं नुकसान झालंय, म्हणून कळकळीने सांगते. दुसऱ्या रात्री मी रिहर्सललाच पूर्ण जोर लावून किंचाळले, मग चार टेक. सकाळी आवाज गेला. त्याच दुपारी एका मालिकेचा सीन होता, तो हातचा गेला. घशाच्या डॉक्टरांनी तीन दिवस मौन सांगितलं, आणि कुजबुजायलाही मनाई केली, कारण कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. आता मी रिहर्सल मुकीच करते आणि तसं आधी सांगून ठेवते. किंकाळी फक्त टेकला. साउंडवाल्या दादांना विनंती करून एक-दोन किंकाळ्या कॅमेऱ्याविना वेगळ्या रेकॉर्ड करून घेते, त्याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. लांबच्या शॉटला तीच वापरता येते. डबिंगला धाप, हुंदके, अडलेला श्वास हे सगळं पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी घसा राखून ठेवा.

प्रोस्थेटिक मेकअपला, म्हणजे चेहऱ्यावर खोटी कातडी चिकटवायला, माझे तीन-तीन तास जायचे. त्याचा गोंद आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायला सांगा, आग झाली तर लगेच बोला. काढताना ओढू देऊ नका, त्याचं रिमूव्हर असतं, आणि पहाटे पाच वाजता सगळ्यांना घाई असली तरी तुमची कातडी तुमची आहे. डोळा पूर्ण झाकणाऱ्या पांढऱ्या लेन्स आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घाला, आणि दुसऱ्या कुणी वापरलेल्या कधीच घालू नका. याबाबत मी फार हट्टी आहे.

मालिकांबद्दल थोडक्यात. तिथे बारा-बारा तासांची शिफ्ट असते, सीन कधी कधी सेटवरच हातात पडतो, आणि टेलिकास्ट डोक्यावर असतं. पाठांतर आणि वेग तिथेच येतो. मराठी मालिकांचे बरेच सेट घोडबंदर पट्ट्यात असल्याने ठाण्याच्या मुलीला भाड्याच्या खोलीचा खर्च वाचतो, पण कापूरबावडीचा ट्रॅफिक धरून कॉल टाइमच्या, म्हणजे सेटवर हजर राहायच्या वेळेच्या, तासभर आधी निघा. रात्रीचं शूट असेल तर घरी सोडायला प्रॉडक्शनची गाडी मिळणार का, हे होकार देण्यापूर्वी विचारा. रात्री तीनला कासारवडवलीच्या नाक्यावर रिक्षा शोधत एकटीने उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

पैशांचं बोलताना मला अजून राग येतो. सुरुवातीला काम मिळवून देणाऱ्या एका को-ऑर्डिनेटरने पोर्टफोलिओ आणि 'नक्की रोल' म्हणून माझ्याकडून पंचवीस हजार घेतले. ते मावशीने दिले होते. रोल आला नाही, फोन उचलणं बंद झालं. ऑडिशनसाठी किंवा रोलसाठी कुणी पैसे मागितले की तिथून उठा. खरं काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मालिकेचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, म्हणून तीन महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, आणि कितीतरी मुली तो सोडून देतात. रोजचा कॉल टाइम आणि पॅकअपची वेळ वहीत लिहा.

आणि सेट हे कामाचं ठिकाण आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. अंगप्रदर्शनाचा किंवा बलात्काराचा प्रसंग हॉररमध्ये अचानक घुसवला जातो. नेमकं काय दाखवणार ते आधी लेखी घ्या, आणि सेटवर बदललं तर थांबा.

अकराव्या रात्री पॅकअप झालं तेव्हा उजाडत होतं. मला अजून थरथर येत होती. युनिटमधल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीने मला जवळ बसवलं, खोबरेल तेलाने माझ्या मानेवरचा उरलेला रंग पुसला आणि म्हणाल्या, "घरी जाताना हिला गाडीत न्यायची नाही. इथेच ठेवून जायची." तेव्हापासून पॅकअपनंतर मी सेटवरच पाय धुते, स्वतःचे कपडे घालते आणि माझं पूर्ण नाव एकदा मोठ्याने म्हणते. मगच गाडीत बसते.