पिकअपचा सेल्फ चावीला दाद देत नव्हता

डॅशबोर्डचे दिवे लागायचे, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मात्र नुसता 'टक्'. बॅटरी 12.6 व्होल्ट, अर्थिंग घट्ट. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चावी स्टार्टवर धरून सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) 50 नंबरच्या, म्हणजे चावीकडून वायर येते त्या पॉइंटवर मीटर लावला. जेमतेम 7 व्होल्ट! म्हणजे दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

बॅटरीची निगेटिव्ह काढून स्विचचा मागचा भाग उघडला. तांब्याचा कॉन्टॅक्ट काळा पडून खड्डा पडलेला. घासून तात्पुरतं चालतं, पण भागच बदलावा. बॅरल (चावी घालायचं कुलूप) तेच राहतं, चावीही तीच.

सोलेनॉइडचा सगळा करंट स्विचमधून गेला की नवाही लवकर जळू शकतो. म्हणून 40 अँपिअरचा रिले (चावीच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवलाच. त्याच्या पिना अशा: 86 ला स्विचची स्टार्ट वायर, 85 अर्थ, 30 ला फ्यूज घालून बॅटरी, 87 सोलेनॉइडला.