टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाचा श्वास : या चुका टाळा

मुलाचे टॉन्सिल आणि अॅडिनॉइड (नाकामागची, घशाच्या वरच्या भागातली गाठ) काढले की घरच्यांचे सारे लक्ष घशाच्या दुखण्याकडे लागते, आणि श्वासातला अडथळाच गेल्यामुळे त्या बाजूने आता भीती नाही असे धरले जाते. पहिल्या रात्रीपुरती ही समजूत चुकीची असते. जखमेभोवती सूज असते, भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल पुरता उतरलेला नसतो, आणि झोपेत श्वास अडण्याची जुनी सवय एका दिवसात मोडत नाही. म्हणूनच तीन वर्षांखालील किंवा झोपेत श्वास फार अडणाऱ्या मुलाला डॉक्टर रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. तेथे घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

पहिली चूक मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच होते. गोव्यात जून-जुलैच्या पावसात मुलांना सर्दी होतच राहते. तारीख हुकेल, पेडण्याहून किंवा काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज रुग्णालयात केलेली फेरी वाया जाईल, या धास्तीने पालक ताजा खोकला-ताप सांगत नाहीत. मागील दोन आठवड्यांतील सर्दीमुळे भुलीच्या वेळी स्वरयंत्र एकाएकी आवळून श्वास बंद होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ती भूलतज्ज्ञाला सांगितलीच पाहिजे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगावे.

सर्वांत घातक चूक औषधांची आहे. थोरल्या माणसाचे उरलेले कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामके मुलाला कधीही देऊ नयेत. काही मुलांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिन (अफूपासूनचे, त्याहून तीव्र औषध) फार वेगाने होते आणि झोपेतच श्वास मंदावतो. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ही दोन्ही औषधे निषिद्ध ठरवली. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉल वेळेवर दिले, तर मूल पेज आणि शहाळ्याचे पाणी घोटघोट पिते.

मूल शांत पडले म्हणजे त्याला आराम पडला, असे गृहीत धरू नये. घोरता घोरता मध्येच आवाज थांबणे, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, हाक मारून नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

जखमेवरची पांढरी साय पाहून पू झाला असे वाटते. ती बहुधा भरून येण्याचीच खूण असते आणि बोटाने खरवडायची नसते. पाचव्या ते दहाव्या दिवसांत ती सुटताना रक्तस्राव होऊ शकतो. झोपेत वारंवार गिळणे हे त्याचे पहिले लक्षण असते, कारण मूल रक्त थुंकत नाही, गिळते. अशा वेळी त्याला उताणे निजवू नये. पुढे वाकवून बसवावे, रक्त थुंकू द्यावे, पाणीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे. शेवटचे खाणे आणि शेवटचे औषध किती वाजता दिले ते कागदावर लिहून सोबत ठेवावे, कारण पुन्हा भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ सर्वांत आधी तेच विचारतात.