डीएनए रसायन आणि जनुकोपचार: नवसंशोधकांना कसे तयार करावे

रसायनशास्त्रातून आलेल्या विद्यार्थ्याला पेशी परक्या वाटतात, तर जीवशास्त्रातून आलेल्याच्या लेखी डीएनए म्हणजे बाहेरून मागवलेल्या नळीतील पांढरी भुकटी असते. म्हणून दोघांनाही आरंभी एकच काम द्यावे: वीस न्यूक्लिओटाइडांची (डीएनएच्या मूळ घटकांची) साखळी स्वतः घडवायची, शुद्ध करायची, तिची ओळख पटवायची आणि शेवटी ती लक्ष्य जनुकाच्या आरएनएला चिकटून त्याचे प्रथिन घटवते का, हे पेशींवर तपासायचे.

संश्लेषणासाठी मार्विन कॅरुथर्स यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेली फॉस्फोरॅमिडाइट पद्धत आजही वापरली जाते; तीत फॉस्फोरॅमिडाइट या क्रियाशील रूपातील न्यूक्लिओटाइड एकेक करून साखळीला जोडले जातात. यंत्राला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने संरक्षक गट काढणे, जोडणी, न वाढलेल्या साखळ्यांची टोके बंद करणे आणि ऑक्सिडीकरण हे चारही टप्पे रचनासूत्रांसह कागदावर मांडावेत. मग त्याला एक गणित घालावे. प्रत्येक जोडणी 99 टक्के यशस्वी झाली, तर 20 घटकांच्या साखळीत 19 जोडण्यांअखेर सुमारे 83 टक्के साखळ्या पूर्ण लांबीच्या मिळतात; 100 घटकांच्या साखळीत मात्र जेमतेम 37 टक्के. हे आकडे ज्याने स्वतः काढले, त्याला ॲसिटोनायट्राइल हे द्रावक कोरडे ठेवण्याची आठवण सहसा करून द्यावी लागत नाही, कारण त्यातील पाणी सक्रिय फॉस्फोरॅमिडाइट वाया घालवते. ट्रायटिल हा संरक्षक गट सुटताना दिसणारा नारिंगी रंग दर चक्रात पाहण्याची सवयही लावावी. तो अचानक फिका पडला, तर आधीची जोडणी फसली असे समजून शोध घ्यावा.

शुद्धीकरणाचे एचपीएलसी आणि रेणूचे वस्तुमान मोजून ओळख पटवणारे मास स्पेक्ट्रोमेट्री ही तंत्रे सरावाने येतात. पेशींवरील प्रयोगांना मात्र भरपूर वेळ राखून ठेवावा, कारण लक्ष्य जनुकाचे प्रथिन घटले की साखळीने आपले काम केले, असे मानण्याची घाई जवळपास प्रत्येक जण करतो (अनुभवी मंडळीही यातून सुटलेली नाहीत). फॉस्फोरोथायोएट साखळ्या (कण्यातील एका ऑक्सिजनऐवजी गंधक असलेल्या) प्रथिनांना चिकटतात आणि मिथिल गट नसलेले सीपीजी क्रम (सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन) टीएलआर9 या ग्राहीमार्फत प्रतिकारयंत्रणा जागी करतात, त्यामुळे परिणाम दिसतो पण कारण वेगळेच असते. तेव्हा तेच घटक उलटसुलट लावलेली साखळी, काही ठिकाणी मुद्दाम न जुळणारी साखळी आणि त्याच आरएनएच्या दुसऱ्या भागावर बेतलेली साखळी अशी तिन्ही नियंत्रणे सक्तीची करावीत, आणि कोणत्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्याला कळू नये म्हणून नळ्यांवरचे सांकेतिक क्रमांक दुसऱ्या कोणी घालावेत.

जनुकोपचारात जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या विषाणू-वाहकांकडे वळण्यापूर्वी दोन घटनांचा अभ्यास करून घ्यावा. 1999 मध्ये जनुकोपचाराच्या चाचणीत ॲडिनोव्हायरस वाहक दिल्यानंतर तीव्र प्रतिकारप्रतिक्रियेने 18 वर्षांच्या जेसी गेल्सिंगर यांचा मृत्यू झाला. पुढे एक्स-गुणसूत्राशी निगडित गंभीर प्रतिकारक्षमता-न्यूनतेच्या उपचारात रेट्रोव्हायरस वाहक एलएमओ2 या कर्करोगाशी संबंधित जनुकाजवळ रुजल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. मात्रा कोणती आणि वाहक जनुकसंचात कोठे बसेल, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे दिल्याखेरीज विद्यार्थ्याचा प्रस्ताव पुढे सरकू देऊ नये.

गटाच्या बैठकीत पेशींचे निष्कर्ष रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडावेत आणि मास स्पेक्ट्रम जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचून दाखवावा.