माल्टा: विमानाआधी हायपोजियमचं तिकीट

माल्टाला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटाआधी पाओला गावातल्या हाल साफ्लिएनी हायपोजियमच्या मोकळ्या तारखा बघा. खडक कोरून केलेलं हे भूमिगत दफनस्थान ४,५०० वर्षांहून जुनं आहे. माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणामुळे छतावरची गेरूची चित्रं खराब होतात, म्हणून तासाला जेमतेम १० जणांनाच आत सोडतात. साहजिकच हंगामातली तिकिटं काही महिने आधीच संपतात, आणि ऐनवेळी गेलेले दारातून परततात. फार वाईट वाटतं, कारण असं ठिकाण दुसरीकडे नाही! सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटोही काढता येत नाहीत. माल्टासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तोही लवकर उरका.