डीह्युमिडिफायर चालतो, पण टाकीत पाणीच नाही

हवेतली ओल काढून टाकीत पाणी जमवणारं हे यंत्र. पंखा आणि कॉम्प्रेसर चालू, टाकी कोरडी. थंड कॉइलच्या सुरुवातीच्या वेढ्यांवर बर्फ, बाकीची कॉइल खोलीइतकीच कोमट. फिल्टर धुतला, डीफ्रॉस्ट सेन्सर बदलला, गॅसही भरून घेतला. तो पुन्हा उडाला. डोक्याला ताप नुसता!

कॅपिलरी (कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक नळी) कॉइलला मिळते त्या जोडावर तेलकट डाग होता. गळती तिथेच.

आधी यंत्रावरची माहितीची प्लेट वाचा. गॅस आर-२९० (प्रोपेन) असेल तर टॉर्चपासून लांब राहा, तो पेट घेतो. यात आर-१३४ए, १५० ग्रॅम होता. प्लग काढून चार्जिंग नळीवर पिअर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून बसणारा) लावला, उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढला. मग नळी कापून सर्व्हिस व्हॉल्व्ह बसवला. आतून संथ नायट्रोजन सोडत जोड ब्रेझ केला (टॉर्चने भरणीचा धातू वितळवून सांधला), गॅसमधली ओल शोषणारा फिल्टर-ड्रायरही नवा घातला (जुन्यात ओल शिरलेली असते, तो ठेवू नका). १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला, दाबाचा काटा रात्रभर हलला नाही. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे इथे उरलेल्या दाबाचं माप) नेला, पंप बंद करून तो टिकतो का पाहिलं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मोजून १५० ग्रॅम भरला. दाब बघून अंदाजाने भरू नका. एवढ्याशा यंत्रात थोडा जादा गॅसही द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परततो. पूर्ण कॉइल सारखी ओली दिसल्यावर नळी चिमटून ब्रेझने बंद केली.