स्टिंगरे सिटीची सहल: ‘स्मॉल ग्रुप’ पाहून पैसे भरण्याआधी या चुका टाळा

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाला थांबणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाकटं (स्टिंगरे मासे) बघायला कुणाबरोबर जायचं? ‘स्टिंगरे सिटी’ शोधलं की जाहिरातींचा पाऊस पडतो. सगळ्यांत तेच निळंशार पाणी, तेच ‘तीन थांबे’, आणि हल्ली जवळपास प्रत्येकीवर ‘स्मॉल ग्रुप’चा शिक्का. मग माणूस सगळ्यात कमी आकडा असलेली बोट निवडतो आणि निर्धास्त होतो. माझं म्हणणं असं की तो आकडा शेवटी बघायचा. आधी घड्याळ, मग धक्का, मग घरातलं पोहण्यात सगळ्यात कच्चं माणूस, आणि त्यानंतर बोटीत किती डोकी ते.

जागा न समजता बुकिंग करणं

बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड नावाची मोठी, उथळ खाडी आहे. तिच्या तोंडाशी प्रवाळाची रांग असल्यामुळे आतलं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. पूर्वी मच्छीमार इथे आडोशाला येऊन मासे आणि शंख साफ करायचे, टाकाऊ भाग पाण्यात फेकायचे. त्या वासावर पाकटं जमू लागली. 1980 च्या दशकाच्या मध्यात पाणबुडे त्यांना हातानं खायला घालू लागले आणि त्यातून हा सगळा व्यवसाय उभा राहिला. पाकटं मोकळी आहेत, जाळी-कुंपण काही नाही.

गोंधळ होतो तो नावावरून. ‘स्टिंगरे सिटी’ ही मुळात सुमारे 12 फूट खोल डाइव्हची जागा. कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले लोक फोटोत दिसतात ती जागा वेगळी, तिला ‘सँडबार’ म्हणतात. पोहता न येणारं कुणी सोबत असेल तर जाहिरातीत सँडबार हा शब्द आहे का ते बघा, नसेल तर विचारून घ्या. आणि कमरेइतकं पाणी ते मोठ्या माणसाच्या. भरती-ओहोटीचा फरक तिथे फारसा नसतो, पण शेजारून बोट गेली की लाट येते आणि पाच वर्षांच्या मुलाचे पाय सुटतात.

‘स्मॉल ग्रुप’ म्हणजे सँडबारवर गर्दी नसेल असं समजणं

तुमची बोट बारा जणांची असो की साठ जणांची, वाळूचा पट्टा तोच. नियमानुसार तिथे एका वेळी 20 बोटी आणि 1500 माणसं असू शकतात. बंदरात चार-पाच जहाजं लागलेल्या दिवशी साडेदहा-अकराला तिथे गेलात तर दादरच्या फुलबाजाराची आठवण येईल, मग तुमच्या बोटीवर कितीही निवांत बसून आलेला असा.

म्हणून तारीख हातात आली की पहिल्यांदा त्या दिवशी बेटाच्या बंदरात, जॉर्ज टाउनला, किती जहाजं आहेत ते बघावं. बंदराचं वेळापत्रक ऑनलाइन मिळतं. गर्दीचा दिवस असेल तर सकाळी अगदी लवकरची किंवा, जहाज उशिरापर्यंत थांबणार असेल तर, दुपारची फेरी शोधा. काही छोट्या बोटींचे कॅप्टन थांब्यांचा क्रम उलटा करतात: आधी स्नॉर्केलिंग, शेवटी सँडबार, तोवर मोठ्या बोटी परतलेल्या असतात. लहान बोटीचा खरा फायदा हा. दुसरा फायदा स्नॉर्केलिंगच्या थांब्यावर कळतो, जिथे कोरल गार्डन्ससारख्या ठिकाणी पाय टेकत नाहीत आणि जवळ गाइड असणं गरजेचं असतं. तेव्हा ‘बोटीत किती माणसं’ एवढ्यावर थांबू नका; ‘पाण्यात उतरणारे गाइड किती’ हेही विचारा. पंधरा माणसांमागे पाण्यात एकही गाइड नसेल, तर त्यापेक्षा तीस माणसांमागे तीन गाइड बरे.

शिवाय छोट्या बोटीच्या सहलीतही धक्क्यापासून मरीनापर्यंत, म्हणजे सहलीच्या बोटी सुटतात तिथपर्यंत, नेणारी बस बऱ्याचदा तीन-चार सहलींची मिळून असते. ती भरेपर्यंत हलत नाही.

घड्याळाचा घोळ

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. केमनमध्ये वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. फ्लोरिडात करतात. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज स्वतःची वेळ तशीच ठेवत असेल तर जहाजावर दहा वाजलेले असताना बेटावर नऊ वाजलेले असतात. तुमचा फोन मात्र बेटाचं नेटवर्क मिळालं की गुपचूप नऊ दाखवायला लागतो. शेवटची टेंडर बोट (किनारा आणि जहाज यांच्यात माणसं ने-आण करणारी छोटी बोट) जहाजाच्या वेळेनुसार साडेतीनची असेल आणि तुम्ही फोन बघून ‘अजून पाऊण तास आहे’ म्हणत आइस्क्रीम खात असाल, तर ती बोट पाव तासापूर्वीच सुटलेली असते.

हिवाळ्यात टेक्सासच्या गॅलव्हेस्टनहून गेलात तर गाडी उलटी. तिथली वेळ बेटाच्या एक तास मागे. सहलवाल्यानं ‘नऊला भेटा’ म्हटलं म्हणजे जहाजाच्या घड्याळात आठ, आणि तेव्हा तुम्ही वरच्या मजल्यावर ऑम्लेटच्या रांगेत.

उपाय साधा आहे. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर ‘उद्या जहाजाची वेळ कोणती’ ते बघायचं, आणि मनगटावर एक साधं, हातानं लावायचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं. सहलवाल्याला लिहितानाही ‘आमच्या जहाजाच्या घड्याळात किती वाजता?’ असंच विचारा. रोज हेच करणाऱ्या माणसाला उत्तर पाठ असतं.

जहाज आठला पोचतं म्हणून साडेआठची सहल घेणं

जॉर्ज टाउनला जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात नांगर टाकतं आणि टेंडर बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. आधी जहाजाला परवानगी मिळते, मग जहाजाकडूनच सहल घेतलेल्यांचा नंबर, मग महागड्या केबिनवाल्यांचा, मग बाकीच्यांचा. बाहेरून बुकिंग केलेल्यांनी सकाळी लवकर टेंडरचा नंबर घ्यायचा असतो, आणि आजोबांचं स्नान-पूजा आटोपून खाली गेलात तर तो बराच मागचा मिळतो. जहाज पोचण्याची वेळ आणि सहलीची वेळ यांत किमान दीड तास असू द्या.

आता बाहेरून घ्यायची की जहाजाकडून, हा कायमचा वाद. छोट्या गटाची चांगली सहल बाहेरच मिळते आणि बहुधा स्वस्तही असते. जहाजाच्या सहलीत बस मोठी, बोट मोठी, रांग मोठी. पण तिच्यात एक हमी असते: ती सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोचवायची सोय करतं. बाहेरच्या सहलीत उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबायला बांधील नाही. जहाज संध्याकाळी पाच-सहापर्यंत थांबणार असेल तर मी बिनधास्त बाहेरची घेईन. तीनलाच सगळ्यांना परत बोलावलं असेल आणि सोबत दोन ज्येष्ठ असतील, तर गुमान जहाजाची.

आई-बाबा ‘जमेल तसं बघतील’ असं गृहीत धरणं

अमेरिकेत मुलांकडे आलेले आई-वडील आणि क्रूझ हे आता नेहमीचं झालंय. त्यांच्यासाठी पाकटांपेक्षा बोटीची शिडी जास्त भीतीदायक. उतरताना काही वाटत नाही. परत चढताना ओलं अंग, हलणारी बोट आणि दुखरे गुडघे. लहान बोटींना बऱ्याचदा मागे सरळ उभी, अरुंद शिडी असते, तर मोठ्या कॅटामरानला (दोन सांगाड्यांच्या रुंद बोटीला) रुंद पायऱ्या असतात. म्हणजे ज्येष्ठांसाठी कधीकधी मोठी बोटच बरी! फोटो मागवा आणि मग ठरवा.

सुती कुर्ता-सलवार पाण्यात भिजून जड होते, पायात येते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्या; उन्हापासूनही संरक्षण होतं आणि अंगभर सनस्क्रीन थापावं लागत नाही. ते पाण्यात उतरून पाकटांच्या अंगाला आणि प्रवाळाला लागतं, तेही टळतं. हृदयविकार किंवा दमा असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. सँडबारवर नुसतं उभं राहणं वेगळं आणि खोल पाण्यात तोंडातल्या नळीतून श्वास घेणं वेगळं.

मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलेलं असलं की ‘आम्हाला येतं’ असं वाटतं. तिथे बहुतेक वेळा गाइड तुम्हाला ट्यूबला धरून ओढत नेतो. इथे लाइफ जॅकेट देऊन ‘चला’ म्हणतील.

पाण्यात काही बिघडलं तर

मास्कमध्ये पाणी शिरतंय? पट्टा आवळू नका, त्यानं कड दुमडते आणि अजून गळतं. कपाळावरचे केस आत अडकलेत का बघा. मिशीवाल्यांचं थोडं गळणारच, ओठाच्या वर किंचित व्हॅसलीन चालतं. काच धुरकट होत असेल तर थुंकी चोळून विसळा. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा थेंब. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते बुकिंग करतानाच विचारा. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क मात्र घरून नेऊ नका. त्यात पाणी गेलं तर पटकन काढता येत नाही आणि अनेक बोटींवर तो चालतही नाही.

मळमळायला लागल्यावर अ‍ॅव्होमिन घेऊन फारसा उपयोग नाही. बोटीत बसण्याआधी एक-दोन तास घ्यावी लागते, आणि ती झोप आणते हेही लक्षात ठेवा.

आता पाकटं. सँडबारच्या उथळ पाण्यात चपला-बूट घालायला मनाई आहे. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत सरका; खाली पाकट असेल तर त्याला कळतं आणि ते बाजूला होतं. विषारी काटा शेपटीत असतो आणि तो ते बचावासाठी वापरतं, म्हणजे अंगावर पाय पडला किंवा कुणी जोरात दाबून धरलं तर. खायला घालताना स्क्विडचा तुकडा मुठीत धरायचा, अंगठा आत. पाकटाचे डोळे वरच्या बाजूला आणि तोंड पोटाखाली, त्यामुळे तोंडाशी आलेलं खाणं त्याला दिसत नाही. ते वासावर चाचपडत तुमच्या मुठीवर येतं, मऊ, बुळबुळीत पोट मनगटाला लागतं आणि मग एकदम जोरात ओढ बसते. टोकदार दात नसतात, पण कवची चिरडणाऱ्या चपट्या पट्ट्या असतात. अंगठा बाहेर राहिला तर चिमटा चांगला लागतो.

काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पण 45 अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. वेदना बऱ्याच कमी होतात. मग डॉक्टर. पोटात, छातीत किंवा मानेत घुसलेला काटा उपसायचा नाही. स्टीव्ह अर्विनचा 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला मृत्यू घरी कुणीतरी आठवण करून देईलच. तो काटा छातीत लागला होता. सँडबारवर तशी वेळ येणं फार दुर्मीळ.

बोट निवडायची माझी एक खूण आहे. सहलवाल्याचे फोटो बघा. त्यात पाकट पूर्ण पाण्याबाहेर उचललेलं दिसलं, तर ती बोट सोडून द्या. केमनच्या कायद्यानं त्याला मनाई आहे, आणि जो जाहिरातीतच नियम मोडतो तो लाइफ जॅकेटच्या बाबतीत फार काटेकोर असेल असं मला वाटत नाही. स्टारफिश पॉइंटच्या थांब्यावरही तेच: चांदणीमासा पाण्याखालीच बघायचा. आधीच ही मूळची रात्री आणि एकेकटी चरणारी पाकटं आपल्यामुळे दिवसा आणि घोळक्यानं चरायला लागलीत. ‘पाकटाचा मुका घ्या, सात वर्षं नशीब फळफळेल’ हा तिथला ठरलेला विनोद आहे. घ्या किंवा घेऊ नका, पण रांग लावून एकाच पाकटाला वीस जणांकडे फिरवणाऱ्या गाइडला नाही म्हणायला हरकत नाही.

पैशांचं आणि जहाज वळवल्याचं

किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे ते बघा. केमनचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे, 1 ला 1.20 असा बांधलेला दर. स्वस्त वाटलेली सहल कधीकधी त्यामुळेच स्वस्त दिसते. गाइडसाठी पंधरा-वीस टक्के टिप धरून चाला.

हिवाळ्यात वायव्येचं वारं सुटलं की जॉर्ज टाउनसमोर टेंडर चालत नाहीत. कधी जहाज दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स नावाच्या जागी माणसं उतरवतं, कधी केमन वगळूनच पुढे जातं. बुकिंग करताना दोन्हींचं उत्तर लेखी घ्या: स्पॉट्सला उतरलो तर न्यायला कोण येणार, आणि जहाज आलंच नाही तर पूर्ण पैसे परत का. ‘खराब हवामान’ आणि ‘जहाज बंदरात न येणं’ या अटी वेगळ्या लिहिलेल्या असतात. तुम्हाला दुसरी हवी. बंदर वगळल्याची घोषणा झाली की त्याच दिवशी जहाजाच्या वाय-फायवरून सहलवाल्याला मेल टाका, सोबत बदललेल्या कार्यक्रमाच्या पत्रकाचा फोटो जोडा. पैसे क्रेडिट कार्डानंच भरा, म्हणजे उत्तर आलं नाही तरी बँकेकडे तक्रार करायला हातात कागद असतो.