जून उजाडण्याआधी: शाळेतली शिस्त, सुरक्षितता आणि मुख्याध्यापकांची वही

जूनच्या मध्याला शाळा भरते, पण मुलांच्या शिस्तीची आणि सुरक्षिततेची तयारी मे महिन्यातच उरकावी लागते. कोल्हापुरातल्या शाळेत मुख्याध्यापकपदाची सूत्रं पहिल्यांदाच हाती घेणार असाल, तर वेळापत्रकाला हात घालण्याआधी शिपाईमामांना बरोबर घेऊन शाळेभोवती एक पूर्ण फेरी मारा. मोठ्या माणसाची नजर कुठं पोचत नाही, एवढंच वहीत टिपा. जिन्याखालची जागा, स्वच्छतागृहामागचा बोळ, सायकल स्टँडचा शेवटचा कोपरा, गच्चीचं दार, मोडके बाक ठेवलेली खोली. माझं ठाम मत आहे की तास चालू असताना फारसं काही बिघडत नाही. मारामाऱ्या, चिडवाचिडवी आणि त्याहून गंभीर प्रकार होतात ते दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. म्हणून ड्युटीचा तक्ता तासांचा नको, जागांचा करा. प्रत्येक जागेसमोर एका शिक्षकाचं नाव आणि ते रजेवर असतील तर दुसऱ्याचं नाव. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ अशी सूचना फिरवली की कुणीच लक्ष ठेवत नाही.

स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. दाराची आतली कडी नीट लागते का, आणि पहिलीतल्या मुलीचा हात तिथवर पोचतो का? दाराला बाहेरूनही कडी असेल तर ती काढून टाका. मुलं खेळता खेळता एकमेकांना कोंडतात आणि आत अडकलेलं पोर घाबरून जातं. दिवा लागतो का, दुपारी नळाला पाणी असतं का, हेही बघा. कॅमेरा बाहेरच्या व्हरांड्यात हवा, आत कधीही नको. तो चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका, मागच्या आठवड्याचं फुटेज काढून दाखवायला सांगा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीला आल्यावर कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी याबाबत शासनाने शाळांना पुन्हा बजावलं आहे. पडताळणीत कंत्राटी सफाई कामगार, खेळाचे बाहेरचे प्रशिक्षक आणि गाडीवरचे मदतनीस हमखास सुटतात. त्यांची नावं आधी घ्या.

मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत अपेक्षित आहे. ती फलकावर असून भागत नाही, तिची बैठक झाली पाहिजे. तक्रारपेटी ऑफिसच्या दारात ठेवू नका, तिथं सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला कुठली मुलगी धजेल? पेटी कोण उघडणार आणि कोणत्या वारी, हे ठरवून टाका.

सगळ्यात जास्त तयारी एका प्रसंगाची करा. एखादं मूल बाईंजवळ येऊन सांगतं की कुणीतरी आपल्याला नको तसा स्पर्श केला. तेव्हा काय करायचं हे शिक्षकांना शाळा भरण्याआधी तोंडपाठ हवं. शांतपणे ऐकून घ्यायचं, ‘नक्की का?’ म्हणून उलटतपासणी करायची नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, तारीख-वेळ टाकायची आणि मुख्याध्यापकांना कळवायचं. तिथून पुढं जबाबदारी तुमची. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेतच चौकशी करू, संस्थेच्या सेक्रेटरींना विचारू, पालकांना समजावू, असं म्हणत वेळ घालवायची मुभा कायदा देत नाही. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा फुटता कामा नये. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा आणि 112 हा पोलिसांचा नंबर प्रत्येक वर्गात, मुलांच्या उंचीवर लावा.

शिस्तीचे नियम एका पानात बसवा आणि पहिल्या पालकसभेत वाचून दाखवा. छडी, कोंबडा, उन्हात उभं करणं, वर्गासमोर अपमान करणं, हे सगळं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलं आहे. आठवीपर्यंत ‘दाखला हातात देईन’ या धमकीलाही अर्थ नाही, कारण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. मग हातात उरतं काय? भरपूर उरतं. घटनेची त्याच दिवशी लेखी नोंद, दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसवून ऐकणं, पालकांना बोलावणं आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि भांडण गेटबाहेर जाऊन पुन्हा पेटतं. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठांच्या आणि तालमींच्या संघांची ईर्षा वर्गापर्यंत येते; शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर एक शिक्षक जादा ठेवा. मोबाइलवरच्या स्टेटसबद्दल आठवी ते दहावीच्या मुलांशी मोकळेपणानं बोला. जून 2023 मध्ये त्यावरूनच शहरात तणाव होऊन इंटरनेट बंद ठेवावं लागलं होतं.

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. मावा मिळणारी टपरी त्या अंतरात असेल तर पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पोषण आहार वाटण्याआधी चव घेतल्याची सही, अग्निशामक सिलिंडरची तारीख, पाण्याच्या टाकीचं झाकण, रिक्षामामांचे परवाने आणि फोन नंबर, ही कामं एका दिवसात होतात.

पुराच्या तयारीला मात्र वेळ द्या. 2019 आणि 2021 चे महापूर आपण पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण शाळेचा निर्णय पाणी तिथवर चढण्याआधी व्हायला हवा, कारण शहरात पाणी शिरण्याआधी खेड्यांचे रस्ते बंद होतात. त्यासाठी मुलांची यादी वर्गवार न करता रस्त्यानुसार करा. पन्हाळा रोडची मुलं वेगळी, रेडे डोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी रस्त्यावर आलं, की त्यांची वाट बंद. गगनबावडा रोडची मुलं बालिंगा पुलापलीकडं अडकतात, शियेची मुलं कसबा बावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं की. प्रत्येक नावासमोर शहरातल्या एखाद्या नातेवाइकाचा पत्ता आणि नंबर लिहून घ्या. मामा, आत्या, कुणीही चालेल, पण मूल त्यांच्या ताब्यात द्यायला पालकांची लेखी संमती हवी. मूल कुणाबरोबर गेलं, किती वाजता गेलं, याची सही वहीत पडल्याशिवाय गेट उघडायचं नाही, मग बाहेर कितीही गर्दी होवो. कुणाचीच सोय नसलेल्या मुलांसाठी एक वर्ग, दोन शिक्षक आणि रात्रीच्या जेवणाची व्यवस्था आधीच ठरवा. पाऊस जुलैत जोर धरतो, तेव्हा या याद्या जूनअखेर पूर्ण करा, आणि नवीन प्रवेश झाला की त्याच दिवशी ते नाव आपल्या रस्त्याच्या यादीत चढवा.